तटस्थ विद्वत्तेचे बुडीत खाते

आदिवासींच्या बाजूने चार शब्द बोलू लागलेल्या अभ्यासकाला आपल्या विद्यापीठांतून एक उपदेश हमखास ऐकविला जातो. अभ्यासकाने अभ्यास करावा, पक्ष घेऊ नये. वकिलीच करावयाची असेल तर विद्वत्तेचे नाव घेऊ नये. हा उपदेश मोठा साळसूद आहे. ज्याच्या जमिनीवर पाणी चढत नाही, ज्याच्या घराचा क्रमांक सरकारी यादीतून गळालेला नाही, त्याला तो पटतोही. परंतु नर्मदेच्या काठावरील अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील तेहतीस गावांचा इतिहास समोर ठेवला, तर या तटस्थतेचे खाते किती बुडीत आहे हे उघड होते. ही गावे सरदार सरोवराच्या बुडितात आली तेव्हा धुळे जिल्ह्यात होती. १ जुलै १९९८ पासून ती नंदुरबार जिल्ह्यात आहेत. जिल्ह्याचे नाव बदलले. प्रश्न जागच्या जागी राहिला.

मानववंशशास्त्र ही माणसांचा अभ्यास करणारी विद्या. तिच्या अभ्यासाचा विषय स्वतः बोलू शकतो, रडू शकतो, न्याय मागू शकतो. अशा विद्येला दगडाकडे पाहणाऱ्या भूगर्भशास्त्राची अलिप्तता शोभेल काय? आणि समजा शोभली, तरी ती शक्य आहे काय? नर्मदेच्या खोऱ्याने या प्रश्नाचे उत्तर मोठी किंमत मोजून दिले आहे.

कोयनेची शवचिकित्सा

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांची पाहणी केली आणि ती १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. भारतात धरणग्रस्तांच्या वाताहतीकडे शास्त्रीय नजरेने पाहणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांत तिची गणना होते. इरावतीबाईंसारखी तोलाची विदुषी विस्थापितांच्या दारात गेली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ती पाहणी झाली तेव्हा धरण बांधून झाले होते, पाणी अडले होते आणि माणसे पांगली होती. शवचिकित्सा कितीही अचूक असली तरी तिने रोगी उठून बसत नाही. हा दोष अभ्यासकांचा नव्हता. योजना आखताना अभ्यासकाला दूर ठेवावयाचे, आणि सारे उरकल्यावर परिणामांची नोंद करण्यास त्याला बोलवावयाचे, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे.

मग अभ्यासकाला आधीच बोलावले, त्याचे म्हणणे करारात उतरविले, तर प्रश्न सुटतो काय? सरदार सरोवराच्या बाबतीत नेमके हेच घडले. म्हणूनच ते प्रकरण अधिक बोधप्रद आहे.

करिबा ते नर्मदा: एका विद्वानाचा प्रवास

थेयर स्कडर हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. १९५६ साली एलिझाबेथ कोल्सन यांच्यासह ते आफ्रिकेतील झांबेझी नदीच्या खोऱ्यात गेले. तेथे करिबा धरण उभे राहत होते आणि त्यापायी ग्वेंबे टोंगा जमातीची सुमारे ५७ हजार माणसे उठविली जात होती. त्या धरणाला जागतिक बँकेचे कर्ज होते. एका पाहणीनंतर गाशा गुंडाळून स्कडर परतले नाहीत. दशकामागून दशके ते त्याच माणसांकडे जात राहिले. धरणाच्या आधीचे जीवन आणि नंतरची वाताहत यांची इतकी सलग नोंद जगात क्वचितच झाली असेल. धरणग्रस्तांच्या प्रश्नावरील अधिकारी विद्वान म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते या कष्टांमुळे.

याच स्कडर यांना जागतिक बँकेने १९८३ साली सरदार सरोवराच्या पुनर्वसनाची पाहणी करण्यास धाडले. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ च्या डिसेंबरात लागला होता. पाण्याचा थेंबन्‌थेंब आणि विजेचा वाटा त्यात मोजून दिला होता: विजेत मध्य प्रदेशाला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७ आणि गुजरातला १६. माणसांच्या वाट्याचा हिशेब मात्र इतका काटेकोर नव्हता. पुनर्वसनाची म्हणावी तशी तयारीच झालेली नाही, हे स्कडर यांनी बँकेच्या नजरेस आणून दिले. त्यानंतर बँकेला पुनर्वसनाच्या अटी घालणे भाग पडले आणि १९८५ साली ४५ कोटी डॉलरांच्या कर्जाचे करार झाले तेव्हा विस्थापितांचे जीवनमान पूर्वीपेक्षा खालावता कामा नये, हे त्यांत लिहिले गेले.

हे श्रेय स्कडर यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. परंतु त्यांच्या विचाराचा पायाच असा होता की, धरण व्हावयाचेच आहे, तेव्हा पुनर्वसन नीट करून घ्यावे. अटी कडक असतील, देखरेख असेल, तर एखादे चांगले धरण नक्की सापडेल. या चांगल्या धरणाच्या शोधात त्यांची हयात गेली. जागतिक धरण आयोगावर ते सदस्य होते आणि त्याच आयोगावर नर्मदेच्या खोऱ्यातून मेधा पाटकरही होत्या. २००० सालच्या नोव्हेंबरात त्या आयोगाने जगभरात मोठ्या धरणांपायी चार ते आठ कोटी माणसे उठली असा अंदाज दिला. पाटकरांनी आपली स्वतंत्र टिप्पणी त्या अहवालाला जोडली. पुढे लाओसमधील नाम थुन २ या धरणावर स्कडर यांची आशा होती. तीही फोल ठरली आणि २०१४ साली, वयाच्या ८४ व्या वर्षी, मोठी धरणे बांधणे हे काम अतिशय गुंतागुंतीचे व फार हानिकारक आहे, असा कौल त्यांनी जाहीरपणे दिला.

आयुष्यभराचे मत उतारवयात बदलणे याला धैर्य लागते. परंतु या शिक्षणाची फी कोणी भरली? मणिबेलीने भरली. १९९३ च्या पावसाळ्यात तेथली घरे पाण्याखाली गेली, तेव्हा करारातल्या अटी जिवंत होत्या, अहवाल कपाटात होते आणि तज्ज्ञांची मते नोंदलेली होती. एका शास्त्रज्ञाला जे पटण्यास अर्धे शतक लागले, ते नदीकाठच्या आदिवासीने पहिला खुणेचा दगड रोवला गेला तेव्हाच ओळखले होते. त्याचे म्हणणे कोणी ज्ञान मानले नाही, एवढाच फरक.

'अतिक्रमक' या शब्दाचे राजकारण

कराराच्या अटी कुठे पाझरून गेल्या, हे पाहण्यासाठी एक शब्द पुरे आहे. लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन ही हमी दिली ती खातेदाराला. ज्याच्या नावे सातबारा, तो खातेदार. परंतु सातपुड्यातील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसतो, तिच्यावर इंग्रजांच्या काळापासून वनखात्याचा शिक्का आहे. नेवाड, म्हणजे जंगल साफ करून केलेले शेत, आजोबाने काढले, बापाने कसले, नातू पेरतो आहे. दप्तरात मात्र तो 'अतिक्रमक'. स्वतःच्या घरात राहणारा माणूस कागदाच्या एका फटकाऱ्याने चोर ठरतो, ही या राज्यव्यवस्थेची किमया!

गुजरातने १९८७ च्या अखेरीस अशा जमीन कसणाऱ्यांना, भूमिहीनांना आणि सज्ञान मुलग्यांनाही दोन हेक्टर जमीन देण्याचे धोरण जाहीर केले. तेही आंदोलनाचा आणि बँकेचा रेटा बसल्यावर. फुले-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राने तेवढीही बरोबरी केली नाही. शिवाय पुनर्वसनासाठी तळोदा परिसरातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली, तेव्हा त्या जमिनीवर आधीपासून दुसरे आदिवासी शेती करीत होते. म्हणजे एका आदिवासीला पाण्यातून काढावयाचे आणि दुसऱ्याच्या शेतात नेऊन उभे करावयाचे. मग दोघांचे भांडण लागले की आदिवासींतच एकी नाही, असा शेरा मारावयास शासन मोकळे!

मोजणीची कथाही तीच. १९७९ साली सरदार सरोवराने सहा हजारांहून थोडी अधिक कुटुंबे उठतील असे सांगितले गेले होते. १९९२ पर्यंत हा आकडा चाळीस हजार कुटुंबांवर गेला. सहाचे चाळीस हजार कसे झाले? माणसे एकाएकी वाढली नाहीत. ती आधीपासून तेथेच होती. मोजणाऱ्याला दिसली नव्हती, कारण कोणाला कुटुंब म्हणावे, कोणाला शेतकरी म्हणावे, हे दिल्ली-गांधीनगरच्या मेजावर ठरले होते. सर्वेक्षण हे शांत, निरागस काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १९९३ चा नोव्हेंबर आठवावा. अक्राणी तालुक्यात सर्वेक्षण पथकाला लोकांनी विरोध केला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा कोवळा मुलगा मारला गेला. जेथे मोजणीसाठी बंदुका न्याव्या लागतात, तेथे तटस्थ मोजणीदार कोणाला म्हणावे?

कागदाला धार कोठून येते

मग तज्ज्ञांचे अहवाल, करारांच्या अटी हे सारे व्यर्थ होते काय? असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. नर्मदा धरणग्रस्त समिती आणि पुढे नर्मदा बचाव आंदोलन यांनी त्याच अटी बोटावर मोजून सरकारला आणि बँकेला जाब विचारला. मणिबेलीचा सत्याग्रह, खोऱ्यातून निघालेल्या पदयात्रा, परदेशातील सहानुभूतीदारांचा दबाव यांमुळे १९९१ साली जागतिक बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. त्या समितीत थॉमस बर्जर होते. कॅनडातील मॅकेन्झी खोऱ्याच्या वायुवाहिनीच्या प्रश्नावर मूळ रहिवाशांचे म्हणणे गावोगाव जाऊन ऐकणारे न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक होता. समितीबरोबर काम करणाऱ्यांत ह्यू ब्रॉडी हे मानववंशशास्त्रज्ञ होते. ब्रिटिश कोलंबियातील शिकाऱ्यांकडून त्यांच्या शिकारीच्या वाटा त्यांच्याच हातांनी नकाशावर काढून घेणाऱ्या अभ्यासाशी ब्रॉडी यांचे नाव जोडलेले आहे.

१९९२ च्या जूनमध्ये आलेल्या मोर्स अहवालाने बँकेला मागे सरण्याचा सल्ला दिला. 'अतिक्रमक' ठरविलेल्या आदिवासींवरील अन्याय आणि बँकेनेच १९८२ साली आखलेल्या आदिवासीविषयक धोरणाकडे झालेले दुर्लक्ष यांवर त्याने नेमके बोट ठेवले. १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने उरलेल्या कर्जावर पाणी सोडले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९८३ आणि १९९२ या दोन्ही वेळी मानववंशशास्त्रज्ञच होते, बँकही तीच होती. पहिल्या वेळी विद्वानाच्या मागे लोक उभे नव्हते, म्हणून त्याचे म्हणणे करारातले एक कलम होऊन पडले. दुसऱ्या वेळी दरीतली गावे संघटित होती, म्हणून तेच कलम बँकेच्या मानगुटीवर बसले. शाईला धार येते ती संघटनेच्या सहाणेवर.

महाराष्ट्रातील गावांच्या पुनर्वसनाच्या मूल्यमापनाचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. तिचे अहवाल दप्तरात राहिले नाहीत, ते वादाच्या ऐरणीवर आले. हेही खोरे जागे असल्यामुळेच झाले. त्याच संस्थेत संशोधन करता करता मेधा पाटकर १९८० च्या दशकाच्या मध्यास या खोऱ्यात आल्या आणि प्रबंध मागे टाकून येथेच राहिल्या. विद्येची हानी झाली असे हळहळणारे आजही भेटतात. एक प्रबंध राहिला हे खरे; पण शेकडो ग्रामस्थ कायदा, नकाशे, पाण्याची पातळी आणि नुकसानीचे हिशेब शिकले. विद्यापीठाच्या जमाखर्चात हे कोणत्या बाजूला लिहावयाचे?

भाबडेपणाचा आक्षेप

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. लोकांची बाजू घेणारा अभ्यासक लोकांना देव्हाऱ्यात बसवितो. आदिवासी म्हणजे निसर्गाचा निष्पाप पुजारी, असे गोंडस चित्र रंगवितो. आणि शहरातले पर्यावरणवादी त्या चित्राच्या प्रेमात पडतात. हा आक्षेप निराधार नाही. समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांनी नदीच्या पलीकडच्या आलिराजपूरच्या खेड्यात राहून जे पाहिले, ते १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात आहे. पोटासाठी जंगल तोडून नेवाड काढणारा आदिवासी आणि आंदोलनाच्या प्रचारातला जंगलरक्षक आदिवासी, यांतले अंतर त्यांनी झाकून ठेवले नाही. परंतु बाविस्कर आदिवासींच्या लढ्याच्या विरोधकही झाल्या नाहीत. बाजू घेणे आणि खरे बोलणे यांत वैर नाही, हे त्यांच्या कामाने दाखविले. न्याय मिळण्यासाठी आदिवासी संत असण्याची अट कोणी घातली? साखर कारखान्याच्या संचालकाला जमीन बाळगण्यासाठी निसर्गप्रेमाचे प्रमाणपत्र मागितल्याचे ऐकिवात नाही.

उलट भाबडेपणा दुसऱ्या बाजूला अधिक आहे. १९४३ साली गो. स. घुर्ये यांनी आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच, अशी मांडणी केली. त्यांनी मोठ्या समाजात मिसळून जावे हा तिचा निष्कर्ष. विद्वज्जड भाषेत ती तटस्थ भासते. परंतु १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सरदार सरोवराला वाट मोकळी करून दिली, तेव्हा आदिवासींना नव्या वसाहतीत त्यांच्या पाड्यांपेक्षा अधिक सोयी मिळतील आणि मुख्य प्रवाहात मिसळल्याने त्यांचे भलेच होईल, असा आशय निकालपत्रात उतरला. न्यायमूर्ती भरुचा यांचा भिन्नमताचा निकाल एकाकी पडला. वर्गात शिकविला गेलेला सिद्धान्त अर्ध्या शतकानंतर कुणाच्या तरी शेतावर पाणी होऊन चढतो, तो असा. आणि त्या सिद्धान्ताला मात्र कोणी पक्षपाती म्हणत नाही!

आजचे काम

१७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटर उंचीचे ते धरण राष्ट्राला अर्पण झाले. आता जुने उगाळून काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना नंदुरबार जिल्हाच उत्तर देईल. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के प्रजा अनुसूचित जमातींची होती आणि साक्षरतेत तो राज्यात तळाला होता. जमिनीचा प्रश्न येथे संपलेला नाही. तो वनहक्काच्या दाव्यांच्या रूपाने जिवंत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्याला अतिक्रमक म्हटले जात होते, त्याला हक्कदार म्हणून उभे राहण्याची जागा दिली. आणि २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमाने पुराव्यांची जी यादी दिली, तीत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आहे, वंशावळ आहे, आणि नामांकित संस्थांनी केलेल्या रूढी-परंपरांच्या अभ्यासनोंदीही आहेत. भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाचे नाव तेथे उदाहरण म्हणून घातले आहे.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अभ्यासकाची वही आता कायद्याने साक्षीदार झाली आहे. अमुक पाडा अमुक डोंगराच्या वनात पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारतो, डिंक-मोह गोळा करतो, तेथे त्याचा देव आहे आणि त्याच्या पूर्वजांचे दगड आहेत, अशी नोंद जर कोणा संशोधकाने केली असेल, तर ती नोंद म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या जमिनीचा आधार होऊ शकते. ती कपाटात कुलूपबंद राहिली, तर तेही एक कृत्य आहे आणि त्याचा लाभ वनखात्याला होतो. साक्षीदाराने गप्प बसणे याला तटस्थता म्हणत नाहीत. तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करीत आहे; विद्यापीठांच्या ग्रंथालयांत सातपुड्यावरचे प्रबंध धूळ खात आहेत. या साऱ्यांतील गावनिहाय नोंदी त्या त्या ग्रामसभेच्या हाती मराठीत दिल्या गेल्या पाहिजेत. ज्या गावाने माहिती दिली, त्या गावाला ती परत मिळणे हा उपकार नाही, देण्याची परतफेड आहे.

परंतु सारा दोष विद्यापीठांवर ढकलून कार्यकर्त्यांनी मोकळे होता कामा नये. भाकरीचा प्रश्न आधी, चालीरीती मग, अशी एक घाईची समजूत डाव्या चळवळीतही फार काळ नांदली. शहादा-तळोद्याच्या इतिहासाने ती तेव्हाच खोटी पाडली होती. १९३७-३८ साली गुला महाराजांच्या आरतीला हजारो भिल्ल जमत आणि दारू सोडीत. सरकारला त्या आरतीचीही भीती वाटली. १९७० च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग महाराजांनी भजनांतून माणसे जागी केली आणि त्याच भूमीवर १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहून गमावलेल्या जमिनी मागू लागली. बड्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षणाच्या टोळ्यांसमोर शेतमजूर उभा राहिला, तो त्याची भाषा बोलणारा माणूस सोबत होता म्हणून. लोकांची श्रद्धा, नाती, भाषा यांचे ज्ञान ही संघटनेची फावल्या वेळची हौस नव्हे. ते तिचे हत्यार आहे.

म्हणून कार्यकर्त्याने पाड्यावर जाताना पत्रकांच्या गठ्ठ्याबरोबर एक कोरी वही न्यावी. म्हाताऱ्या माणसांचे जबाब पावरीत, देहवालीत, जसे ते बोलतील तसे उतरवून घ्यावेत. खोऱ्यात जीवनशाळांतून शिकलेली पिढी आता लिहिती झाली आहे. लेखणी तिच्या हाती द्यावी. नंदिनी ओझा यांनी केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांच्या मुखातून नर्मदेच्या लढ्याचा मौखिक इतिहास नोंदविला, ही या कामाची चांगली सुरुवात आहे. परंतु एक पुस्तक पुरणार नाही. दावा फेटाळल्याची नोटीस गावात येते, तेव्हा अपिलाची मुदत मोजकी असते आणि साक्ष देणारा म्हातारा त्याआधीच निघून गेलेला असतो. विद्वानांचे मतपरिवर्तन होण्यास ५८ वर्षे लागली तरी इतिहास त्यांना क्षमा करील. सातपुड्यातील शेतकऱ्यापाशी तेवढी वर्षे नाहीत.